मोजून होईपर्यंत

बायकोच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. आत सूज होती, म्हणून सिस्टर अधूनमधून येऊन पोटातला दाब मोजायच्या. पलंग सपाट करायचा, लघवीच्या नळीतून थोडं सलाईन आत सोडायचं आणि आकडा बघायचा. तेवढा वेळ तिने पोट सैल सोडून पडायचं. दाब वाढत गेला तर पोट पुन्हा उघडावं लागणार होतं.

पहिल्यांदा मोजताना मी म्हणालो, "सिस्टर, हवा कमी वाटली तर सांगा. पंक्चरचं दुकान आपलंच आहे."

तिला हसू फुटलं. आकडा एकदम वर गेला.

"काका, हसवू नका हो त्यांना! आता परत मोजावं लागेल."

"अहो, जरा गप्प उभे राहा," ती म्हणाली. "जन्मात जमलं नाही, आता तरी जमवा."

तेव्हापासून पलंग सपाट झाला की मी पायथ्याशी तोंड मिटून उभा राहायचो. मोजून झालं की तीच म्हणायची, "हं, बोला आता."

पोट पुन्हा उघडावं लागलंच. त्यानंतर ती शुद्धीवर आली नाही. तरी मोजताना मी गप्पच राहायचो.

आज सकाळी सिस्टरनी पलंग सपाट केला. मी पायथ्याशी जाऊन उभा राहिलो. त्यांनी एकेक करून सगळ्या नळ्या काढल्या, तिचे केस सारखे केले, चादर छातीपर्यंत ओढली. मी तसाच उभा होतो.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "आता बोललात तरी चालेल."