सगळ्या माद्या

कंधारात लिंबाजीच्या दारात उभं राहिल्यावर ईश्वरप्पाला तोंड कुठं लपवावं कळेना. उमादेवी हट्टानं सोबत आली होती. ती नवऱ्याच्या मागं पदर सावरत उभी राहिली.

गेल्या साली लातूर नवा जिल्हा झाला, कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या, आणि त्याच साली पाऊस गायब झाला. घरातल्या नातवाचं बारसंसुद्धा कसंबसं उरकलं. ईश्वरप्पानं तुरीच्या आड चोरून गांजा लावला होता. त्यातली नर झाडं वेळेत उपटायचं काम सालगडी लिंबाजीचं. एक जरी नर राहिला तरी माद्यांत बी भरतं आणि माल मातीमोल होतो.

बी भरलंच.

"शपथ घेतो मालक, नर न्हाई ठिवला," लिंबाजी म्हणत राहिला. खरं कारण गावाला सांगता येईना, म्हणून ईश्वरप्पानं त्याला चारचौघांत चोर म्हणून हाकललं.

यंदा तेच बी पेरलं, तर एकही नर उगवला नाही. नायगावचा मलप्पा या धंद्यात केस पिकवलेला. तो पाहून हसलाच.

"अरं, तहानेनं मादीवरच नराची फुलं फुटली व्हती. आपलीच आपल्याला फळली, म्हणून समद्या माद्या. जपून ठिव हे बी, लोक हुडकत फिरतेत."

फायदा पदरात पडला होता आणि ईश्वरप्पाला लाजेनं मान वर करवत नव्हती. एकच गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. टँकरच्या पाण्यातल्या दोन घागरी तो रोज लिंबाजीच्या हाती झाडांना धाडायचा. मग झाडं तहानली कशी?

"लिंबाजी, चुकलो बाबा. नाहक चोर म्हणलो तुला."

"जाऊ द्या मालक. बसा."

"पण पाणी कुठं गेलं रे?"

लिंबाजीनं नजर चुकवली. "सांडलं म्हणा."

"रोज?"

"हाव. रोज."

माफी मागायला आलेल्या ईश्वरप्पाचा पारा चढला. "मंजी चोर तर तू हायेसच की!"

उमादेवी पुढं झाली.

"त्याला बोलू नका. झाडं जगवायच्या नादात तुमी घरात एकच घागर ठिवत व्हता. सून ओली बाळंतीण, अंगावर दूध न्हाई. त्या दोन घागरी रोज मागल्या दारानं मीच उतरून घेत व्हते."