उरलेली आठ मिनिटं

मंगळवारी दुपारी तीनला सामना पुन्हा सुरू होणार होता, तोही फक्त आठ मिनिटांचा. शनिवारी समुद्रावरून धुकं आलं आणि ब्याऐंशीव्या मिनिटाला पंचांनी खेळ थांबवला. तेव्हा गोल एक-एक होते. मोसमाची उरलेली आठ मिनिटं मंगळवारी खेळायची आणि प्रेक्षकांना आत घ्यायचं नाही, असं वरून ठरून आलं.

म्हणून सगळं त्रेवेनेक गाव स्टेडियममागच्या टेकडीवर, सफरचंदाच्या बागेत येऊन उभं राहिलं. झाडं फुलांनी पांढरी झाली होती. खाली मैदानावर आजही पातळ धुकं होतं. कुणीतरी सॉसेज गुंडाळलेली धिरडी वाटत होतं. लोक घेत होते, हातात धरून ठेवत होते. खात कुणीच नव्हतं.

फान्श केर्लान सगळ्यांच्या मागून आला. सत्तरी उलटलेली, पायात गोठ्यातले रबरी बूट. खाली, टेकडीकडच्या गोलपाशी नारिंगी जर्सीत उभा असलेला गोलरक्षक गुलवेन हा त्याचा मुलगा. गुलवेन एकोणीस वर्षं या क्लबकडून खेळला, पण बापाने त्याचा एकही सामना पाहिला नव्हता. सामने संध्याकाळी असत आणि संध्याकाळी गाईंच्या धारा काढायच्या असतात. पहिल्या वर्षी मुलाने तिकीट पाठवलं, तेव्हा फान्श म्हणाला होता, "चेंडू काय दूध देतो?" पुन्हा तिकीट आलं नाही. दुपारी तीन ही मात्र गाईंची वेळ नव्हती.

"सरका हो जरा, काकांना दिसू द्या," रोझेन म्हणाली. गावात केस कापायचं दुकान होतं तिचं. गळ्यात क्लबचा मफलर होता. "पहिल्यांदाच आलात वाटतं?"

"हो. तिकडचा, केरवेल वाडीवरचा."

"मग ऐका. बरोबरी राखली की वाचलो. गोल बसला, तर खालच्या विभागात. पगारी खेळाडू जातील, सगळंच जाईल."

शिट्टी वाजली. धुक्यातून पांढऱ्या जर्सीतले पाहुणे उमटायचे, चार पावलं धावायचे आणि पुसले जायचे. आधी पाय चेंडूवर पडलेला दिसे, आवाज मागाहून वर येई. रिकाम्या खुर्च्यांवरून तो आवाज एकटाच फिरत राही.

"तो तिथे एकटाच का उभा?" फान्शने विचारलं.

रोझेनला अशा वेळीही हसू आलं. "अहो, गोलरक्षक आहे तो! सगळेच पुढे पळाले तर मागचं कोण सांभाळणार? एकोणीस वर्षं उभा आहे. ताप असला तरी उभा. आजची ही मिनिटं झाली की निवृत्त होणार. माझ्याकडेच येतो केस कापायला. फार बोलत नाही."

"नाही बोलत," फान्श म्हणाला.

त्याची नजर नारिंगी ठिपक्यावरून हलत नव्हती. गुडघे किंचित वाकलेले, दोन्ही हात फाकलेले, भार डाव्या पायावर. कुंपणाच्या फटीतून वासरू निसटू नये म्हणून असंच उभं राहायचं असतं. हे गुलवेनला पाच वर्षांचा असताना फान्शनेच शिकवलं होतं.

"किती राहिली?" मागून कुणी विचारलं.

"एक."

तेवढ्यात धुक्यातून चेंडू आला. कुणी मारला ते दिसलंच नाही. गुलवेन उजवीकडे झेपावला, दोन्ही हात चेंडूवर पडले, आणि चेंडू हातांमधून निसटला. तो वेगातही नव्हता. ओल्या गवतावरून सावकाश घरंगळत रेषेच्या आत गेला आणि जाळीला नुसता टेकला.



"हाताला लोणी फासून आला होता काय!" मागचा एकजण ओरडला. "म्हातारा झालाय, म्हातारा!"

फान्श वळला. "चेंडू ओला होता."

"अहो काका, ओला म्हणून काय झालं..."

"ओला होता. ओलं वासरू धरून बघ एकदा. मग बोल."



शेवटची शिट्टी वाजली. पांढरे पाहुणे एकमेकांच्या गळ्यात पडले आणि तसेच धुक्यात विरघळले. एका सहकाऱ्याने गुलवेनच्या पाठीवर हात ठेवला, थोडा वेळ थांबला, निघून गेला. सगळं मैदान रिकामं झालं. गुलवेन गोलच्या खांबाला टेकून उभाच होता. आता राखायचं काही नव्हतं, तरी उभा होता.

वारा सुटला. टेकडी उतरणाऱ्या लोकांच्या केसांवर, खांद्यांवर पाकळ्या पडत होत्या. कुणी झटकत नव्हतं. रोझेनने मफलरने डोळे पुसले. "चला काका. संपलं."

"आत जायचं दार कुठल्या बाजूला?"

"आज बंद आहे. आज कुणालाच सोडत नाहीत."

"मला सोडतील," फान्श म्हणाला आणि स्टेडियमच्या दिशेने उतरू लागला.

ती त्याच्याकडे पाहत राहिली. उतारावर म्हातारा एका जागी अडखळला, थांबला. गुडघे किंचित वाकवून, हात फाकून त्याने तोल सावरला. सगळा भार डाव्या पायावर. रोझेनने एकदा खाली गोलकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि ती ओल्या गवतातून त्याच्यामागे धावत सुटली.

"काका, तिकडून नाही! डावीकडून जा, डावीकडून! खेळाडू तिकडूनच घरी जातात!"