वरातीची गाडी

"अहो, बास ना! इंजिन अजून थंड आहे," शलाका हळूच म्हणाली.

नवऱ्याने ऐकलं नाही. बँड थांबवून त्याचे मित्र ओरडत होते, "अजून, अजून!" उभ्या गाडीतच तो अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरत होता आणि मीटरचा काटा लाल पट्ट्यात जाऊन थरथरत होता.

झेंडूच्या माळांनी सजवलेली ती स्पोर्ट्स कार शलाकाच्या दादाची होती. सेकंडहँड घेऊन, इंजिन स्वतः उघडून पुन्हा बांधून, त्याने ती हौसेने वरातीसाठी दिली होती. आता तो कडेला ओठ घट्ट मिटून उभा होता. मुलीकडच्यांनी काय बोलायचं?

तेवढ्यात बॉनेटखाली खाड्कन आवाज झाला. इंजिन बंद पडलं आणि रस्त्यावर तेल वाहू लागलं.

नवरा उतरला. "तुमची गाडीच तकलादू निघाली," तो चारचौघांत म्हणाला.

दादाने हात जोडले. "माफ करा, दाजी."

शलाका त्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिली. मग ती खाली उतरली, शालूचा पदर खोचला आणि गाडीच्या पुढे जाऊन मेंदीचे हात बॉनेटवर टेकवले.

"दादा, स्टिअरिंग धर. मी गाडी मागे ढकलते. आपल्या घरी परत जाऊ."