पाचवी बरणी

रेवतीने हातातला चिंचोका पहिल्या बरणीत टाकला आणि हृषीकेशचा चेहरा पडला. चित्रपट मंडळाची रीतच तशी होती. खेळ संपला की दाराशी मांडलेल्या पाच बरण्यांपैकी एकीत चिंचोका टाकून मत द्यायचं. पहिली म्हणजे टाकाऊ, पाचवी म्हणजे झकास.

चित्रपट निवडायचं काम हृषीकेशचं, आणि हिला नेमकं आवडतं काय तेच त्या बिचाऱ्याला उमगेना. कुस्तीचा चित्रपट, पाचवी बरणी. भुताचा, पाचवी. रडका, तोही पाचवी! आणि आज अख्खं सभागृह खदाखदा हसलं, तर पहिली? असंच चाललं तर ती यायचीच बंद होईल.

"आज होतात कुठे तुम्ही? तुमची खुर्ची रिकामीच," तिने जाता जाता विचारलं.

"प्रोजेक्टर रुसला होता. त्याच्यापाशीच उभा होतो."

"तरीच," म्हणून ती गेली.

घरी जाताना निम्म्या वाटेत हृषीकेशच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि त्याची सायकल थेट रसवंतीच्या बाकड्यावर जाऊन आदळली.

पुढच्या रविवारी त्याने मुद्दाम महाकंटाळवाणा चित्रपट लावला. पडद्यावर दीड तास एक म्हातारा मासे वाळवत होता. अर्धं सभागृह घोरत होतं. हृषीकेश मात्र आपल्या नेहमीच्या खुर्चीत, रेवतीला खेटून, कान लाल करून बसला होता.

खेळ संपला. टण्ण! तिचा चिंचोका पाचव्या बरणीत.

"एवढं काय आवडलं यात?" त्याने कसंबसं विचारलं.

"शेजार," ती म्हणाली.