बिनकांदा-लसणाचं आमिष

दर रविवारी वेंगुर्ल्याच्या खडकावर बसून शामू गळाला ताजी कोळंबी लावायचा. त्याच्याबरोबर येणारे निपाणीचे आप्पाण्णा पडले जैन; त्यांचं आमिष म्हणजे कणकेचा गोळा, तोही कांदा-लसूण वर्ज्य. तरी सगळ्यात मोठा मासा सुटायचा तो त्यांच्याच हातून. समुद्रात वीतभर असलेला तो मासा आंबोली घाटात हातभर व्हायचा, संकेश्वरात पुरुषभर, आणि निपाणीत पोचेपर्यंत त्याला न्यायला उसाची ट्रॉली लागायची. आज मात्र वैतागलेल्या शामूनं त्यांची दोरीच ओढून बघितली.

“अण्णा, गोळा हाय, पण गळ कुठाय?”

“हळू बोल रं! चुकून मासा अडकला तर घरात घेतील व्हय मला? आणि सुटणाऱ्या माशाला गळ कशाला लागतोय?”