तीन राजे

सत्तरीनंतर एकट्यानं राहायचं, तर दर महिन्याला ऑनलाइन पोकर खेळून दाखवावा लागे. बोली ठरलेली, तीही चिल्लरीची. डोकं शाबूत आहे का, हे यंत्र डावांवरून ठरवी. जो नापास होई, त्याला घर सोडावं लागे. संशयास्पद डावाचं कारण नातेवाइकानं लिहायचं असे.

म्हणून शरयू पुण्याहून मिरजेला वडिलांचे, माधवरावांचे, डाव तपासायला आली होती.

"बाबा, हातात तीन राजे असताना पानं टाकून दिलीत?"

"दिली."

"विसरलात?"

"नाही. समोर आपला हुसेन होता. हल्ली त्याचा फार घोळ होतो. अजून एक डाव हरला असता, तर नापास झाला असता."

"आणि तुम्ही?"

"मला तू आहेस. त्याला कोण आहे?"

खरं कारण लिहिलं, तर बाबा सुटत होते. हुसेनकाकांची मात्र फेरतपासणी ठरलेली.

शरयूनं पडद्यावरचा कारणाचा रकाना उघडला. मग तिनं लिहिलं, 'विसरले.'

आणि नवऱ्याला फोन लावून मागची खोली रिकामी करायला सांगितली.