कमरेचं जाकीट

लेकीच्या गोल्फच्या फटक्याचा कोचने काढलेला व्हिडिओ प्रतिभाने कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकला. वणीच्या दिराने पोरीच्या फिरणाऱ्या कमरेवर तमाशातलं गाणं लावून तो परत टाकला आणि सगळं सासर पोट धरून हसलं. लाजेपोटी प्रतिभानेच लेकीच्या कमरेला जाकीट बांधलं. तेव्हापासून हर्षाली नुसत्या हातांनी खेळत होती. उद्यावर निवडचाचणी आली, तरी चेंडू पुढच्याच गवतात लोळत होता. "अगं, जोर पायांतून कमरेत येतो, हात मागून येतात!" कोच कळवळून सांगत होते. हर्षालीची नजर मात्र चाचणी बघायला वणीहून आलेल्या, खुर्चीत मोबाईल रोखून बसलेल्या काकाकडे होती. प्रतिभाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने जाकीट हिसकून फेकलं. "पाय रोव आणि कंबर फिरव!" पोर गर्रकन फिरली. चेंडू सणसणत झाडांपलीकडे गेला. "काढला ना व्हिडिओ, भाऊजी?" प्रतिभा कडाडली. "आता लावा गाणं!"